बॅगा किती?

विमानतळावरून मुंबईत कसं यायचं, असा फोन आला की मी आधी उलटा प्रश्न टाकतो: बॅगा किती? पलीकडचा माणूस जरा बिचकतो. त्याला वाटतं, हा चॉकलेटांचा अंदाज घेतोय. तसं काही नसतं. फारसं नसतं. टी-२ (विमानतळाचं दुसरं टर्मिनल) ते सीएसएमटी हे अंतर रस्त्याने साधारण २५ किलोमीटर आहे, पण त्याला किती वेळ, किती पैसे आणि किती अपमान लागतील हे किलोमीटरवर ठरत नाही. ते डिकीवर ठरतं.

त्याही आधी एक खात्री करून घ्या, की तुम्ही नक्की उतरताय कुठे. पूर्वी 'मुंबई' एवढं उत्तर पुरायचं. डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचं विमानतळही सुरू झालंय, तेव्हा तिकिटावर बीओएम (जुनं मुंबई) आहे की एनएमआय (नवी मुंबई), ते चष्मा लावून वाचा. एनएमआय असेल तर पुढचं काही तुमच्या कामाचं नाही; तुमच्या आणि दक्षिण मुंबईच्या मधे खाडी आहे. बीओएम असेल तरी लगेच सुटका नाही. टी-१ विलेपार्ल्याच्या अंगाला, टी-२ सहारला, मधे धावपट्टी. जुने टॅक्सीवाले अजून 'सांताक्रूझ' आणि 'सहार' म्हणतात, बाकीचे 'डोमेस्टिक की इंटरनॅशनल' विचारतात, आणि घोळ तिथेच होतो, कारण टी-२ वर देशातली विमानंही उतरतात. नागपूरहून आलेला माणूस इमानदारीने 'डोमेस्टिक' सांगतो आणि त्याला न्यायला आलेले मेहुणे टी-१ च्या दारात पाण्याची बाटली घेऊन उभे राहतात. दोघेही फोनवर म्हणतात, "मी गेटसमोरच आहे." दोघेही खरं बोलत असतात.

टी-२ मध्ये विमानापासून सामानाच्या पट्ट्यापर्यंतची चाल लांबलचक आहे. वाटेत भिंतींवर देशभरातल्या कलाकृती मांडल्या आहेत. माणसं त्यांच्यातून फक्त 'प्रसाधनगृह' ही पाटी शोधत जातात. पट्ट्यापाशी पोहोचलात तरी बॅग हातात येईपर्यंत टॅक्सी मागवू नका. अ‍ॅपवरची गाडी पाच मिनिटांत येते, बॅग पस्तीस मिनिटांत, आणि मधल्या अर्ध्या तासाचं भाडं, शिव्या किंवा रद्द झालेली फेरी यांपैकी काहीतरी तुमच्या वाट्याला येतं. ओळखू यावी म्हणून बॅगेला लाल रिबन बांधली असेल तर बघा, पट्ट्यावरच्या निम्म्या बॅगांना लाल रिबन आहे.

आता मूळ प्रश्न. एकच बॅग असेल आणि ती तुम्हाला स्वतःच्या हाताने एक जिना चढवता येत असेल, तर डोळे मिटून मेट्रो. तिसरी मार्गिका, आरे ते कफ परेड, ३३.५ किलोमीटर, २७ स्थानकं, त्यांतली २६ जमिनीखाली. ऑक्टोबर २०२५ मध्ये ती कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू झाली आणि 'वाटेत काय ट्रॅफिक लागलं म्हणून सांगू' हा पाहुण्यांचा पिढीजात विषय धोक्यात आला. एका टोकापासून दुसऱ्या टोकाचं तिकीट ७० रुपये, म्हणजे तुमचं त्याहून जास्त होणारच नाही. दहा रुपयांचे चार वडे जिथे मिळत नाहीत, त्या विमानतळाच्या आवारातला हा एकमेव स्वस्त माल.

खाचाखोचा आहेतच. तिकीट फोनवर काढणार असाल तर वरच काढून त्याचा स्क्रीनशॉट घ्या. रेंज जमिनीखाली उतरेलच असं नाही. बॅग स्कॅनरमधून जाते, तेव्हा लोणच्याची बरणी अगदी वर ठेवू नका, गप्पा लांबतात. फलाटावर 'कफ परेड' अशी पाटी बघूनच चढा. उलट्या बाजूला बसलात तर आरेला पोहोचाल, आणि तिथे तुमच्या स्वागताला फार तर बिबट्या येईल. ठाणे-डोंबिवलीच्या लोकांनी मात्र मुद्दाम उलट्याच बाजूला बसायचं, पुढच्याच मरोळ नाक्याला उतरून पहिल्या मार्गिकेची मेट्रो धरायची आणि घाटकोपरला लोकल पकडायची. दादरवाल्यांनो, मेट्रोचं दादर आणि रेल्वेचं दादर ही दोन दादरं आहेत. मेट्रो तुम्हाला सेनाभवनाकडे वर काढते, तिथून स्टेशनपर्यंत पायी, तेही फेरीवाल्यांच्या आणि फुलवाल्यांच्या गर्दीतून चाकाची बॅग ओढत. चाकात झेंडूची माळ अडकली की बॅगेची मिरवणूक होते.

आणि मेट्रो रात्री झोपते. शेवटच्या गाड्या साडेदहाच्या सुमाराला सुटतात. दुबईची, युरोपची बरीच विमानं उतरतात मध्यरात्रीनंतर. हे वेळापत्रक कुणी मुद्दाम जुळवलं नसेल, पण जुळवायचं म्हटलं असतं तरी इतकं छान जमलं नसतं.

दोन बॅगा म्हणजे काळी-पिवळी. इथे जरा थांबून समजून घ्या, कारण अमेरिकेहून येणाऱ्याकडे सहसा तेवीस-तेवीस किलोच्या दोन असतात आणि त्याला वाटतं, डिकीत दोन सहज मावतील. डिकी उघडते. आत आडवं झोपलेलं सीएनजीचं सिलिंडर दिसतं. त्याच्या शेजारी स्टेपनी, स्टेपनीवर एक फडकं, फडक्यावर पाण्याचा पाच लिटरचा कॅन. उरलेल्या जागेत तुमच्या बॅगेचं एक चाक मावतं. टॅक्सीवाला जराही विचलित होत नाही. तो वर बघतो. वर टपावर कॅरिअर आहे. पेटी खांद्याने ढकलत वर जाते, एका दोरीचे दोन वेढे, एक गाठ, बॅगेवर दोन थापा, आणि "कुछ नहीं होगा." पावसाळ्यात या वाक्याआधी प्लास्टिकचा एक तुकडाही येतो, बॅग झाकायला तो पुरत नाही, पण दिलासा द्यायला पुरतो. दोरी आपण स्वतः एकदा ओढून बघावी. तो रागावत नाही, कारण त्यानेही ती तेवढ्यासाठीच थोडी सैल ठेवलेली असते.

हिशेब मात्र तोंडपाठ असू द्या. फेब्रुवारी २०२५ च्या दरांप्रमाणे पहिल्या दीड किलोमीटरला ३१ रुपये, पुढे किलोमीटरला २० रुपये ६६ पैसे. म्हणजे २५ किलोमीटरचे ५१५ च्या आसपास. मध्यरात्री बारा ते पहाटे पाच या वेळात पाव पट जास्त, की झाले साडेसहाशेच्या घरात. सिग्नलला थांबण्याचे आणि मोठ्या बॅगांचे वेगळे. प्रीपेडच्या खिडकीवर पैसे भरले तर ही आकडेमोड टळते, पण पावती घराच्या दारात उतरेपर्यंत हातातून सोडू नका. पावती म्हणजे टॅक्सीवाल्याचे पैसे. ती आधीच दिलीत तर वांद्र्याला 'पुढे रस्ता बंद आहे' हा साक्षात्कार होण्याचा संभव वाढतो.

रिक्षा स्वस्त आहे, २६ रुपयांपासून, पण ती माहीम-शीवच्या पलीकडे येऊ शकत नाही. गिरगावला जायला रिक्षा विचारणारा माणूस पुण्याचा आहे, हे रिक्षावाला अर्ध्या वाक्यात ओळखतो.

अ‍ॅपवाली गाडी शोधायची तर आधी पार्किंगच्या इमारतीत जा, ट्रॉलीसकट, लिफ्टने, लिफ्टसमोरच्या रांगेतून. परदेशातून आला असाल तर फोनला रेंज नाही. वायफाय आहे, पण त्याला ओटीपी लागतो, ओटीपी नंबरावर येतो आणि नंबराला रेंज नाही. हे चक्र भेदायचं असेल तर शेजारच्या प्रवाशाशी पट्ट्यापाशीच ओळख करून ठेवावी. फोन वापरू देण्याइतपत पुरे. गाडी मिळाल्यावर ड्रायव्हर विचारतो, "कहाँ खड़े हो?" इथे 'टी-२' हे उत्तर निरुपयोगी आहे. जवळच्या खांबाचा नंबर वाचा. खांबाला नंबर असतो. तो खांबाच्या पलीकडच्या बाजूला असतो.

मग गाडी सहार उन्नत मार्गाने हायवेला लागते आणि वांद्र्याच्या अलीकडे प्रश्न येतो, "सी लिंक से?" हा रस्त्याचा प्रश्न वाटतो, आहे टोलचा. एकेरी १०० रुपये, तुमच्या खिशातून. रात्री दोन वाजता माहीमचा रस्ताही रिकामाच असतो, तेव्हा 'नको' म्हणा. संध्याकाळी सहाला मात्र बिनशर्त 'हो'. पुढे कोस्टल रोडला लागलात की मरीन ड्राइव्हपर्यंत सिग्नल नाही. सीएसएमटी, डोंगरी, मस्जिद बंदर या बाजूला जायचं असेल तर सांताक्रूझ-चेंबूर लिंक रोडने ईस्टर्न फ्री वे धरायला सांगा. टॅक्सीवाला तुमच्याकडे नव्या आदराने बघेल आणि नेहमीच्याच रस्त्याने नेईल.

लोकलचं काय? अंधेरीहून चर्चगेट, सकाळी आठ ते अकरा, हातात बॅग: नाही. या वेळात गर्दी दक्षिणेकडेच निघालेली असते. संध्याकाळी ती उलटी फिरते, तेव्हा अंधेरीहूनच सुटणारी स्लो लोकल धरलीत तर बसायलाही मिळेल. विरारहून आलेल्या फास्टकडे बघूसुद्धा नका. तिथे बॅग आत जाते, तुम्ही फलाटावर राहता.

तर, बॅगा किती? "दोनच," असं सगळे सांगतात. दोन मोठ्या, म्हणजे केबिनची मोजत नाहीत. लॅपटॉपची पाठीवर असते, म्हणून मोजत नाहीत. मग टॅक्सीवाला ट्रॉलीभोवती एक फेरी मारतो. दोन वर चढवतो, एक पुढच्या सीटवर, एक पायाशी. डिकी आपटतो, दार लावतो, आणि ट्रॉलीच्या दांड्याला लटकलेल्या ड्यूटी-फ्रीच्या पिशवीकडे बोट दाखवतो. "ये भी आपका ही है?" ती मांडीवर घेऊन बसा. आतल्या बाटल्या वाकोल्याच्या पुलापर्यंत वाजत राहतात.