गठ्ठा सोडायच्या वेळेलाच बरं आठवतं यांना!

बावन्न वजा सत्तावीस. तिसरीचा वर्ग, पटावर 34, हजर 31. दोघादोघांत खराट्याच्या काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या. गठ्ठे मुलांनीच मोजून बांधलेले हवेत. मॅडमनी घरून बांधून आणलेल्या गठ्ठ्यात दहाच आहेत यावर मुलांचा विश्वास नसतो, आणि तसा तो नसावाही. आता सात काड्या काढायच्या, सुट्या तर दोनच. वर्ग गप्प. दिवसभरात अशी शांतता एकदाच मिळते, तीही मिळाली तर. मग मागच्या बाकावरून हळूच, "मॅडम, थे गठ्ठा सोडू काय?"

बस! दशक सुटा करणं म्हणतात ते हेच. आता फक्त रबर काढायचं, दहा काड्या मोकळ्या करायच्या, सुट्या बारा झाल्या हे त्यांच्या तोंडून यायचं.

आणि 11 वाजून 20 मिनिटांनी, टिंग! वरच्या ऑफिसचा संदेश.

"अतितातडीचे. आधारवरील नाव व जनरल रजिस्टरमधील नाव न जुळणाऱ्या विद्यार्थ्यांची यादी 12 वाजेपर्यंत सादर करावी. विलंब झाल्यास जबाबदारी आपली राहील." खाली लाल अक्षरांत 'माहिती अप्राप्त' शाळांची यादी, त्यात आपली शाळा तिसरी. अरे, जुलैत दिली, ऑगस्टात दिली, दिवाळीच्या आधी दिली! अप्राप्त कशी? तर नमुना बदललाय. आधी नाव, वडिलांचं नाव, आडनाव असे तीन रकाने होते. आता एकच रकाना, आडनाव आधी. मुलं तीच, चुका त्याच, तरी पुन्हा भरा. बरं, भरावं तर ज्यानं ती एक्सेल बनवली त्यानं आधारचा रकाना टेक्स्ट करून ठेवलेला नाही. बारा अंक टाकले की समोर ई+11 उगवतं. ते तसंच सीएसव्हीत सेव्ह झालं की मागचे अंक गेले, फाइल बंद करून उघडली तरी परत येत नाहीत. मग फोन, "मॅडम, तुमचे आधार क्रमांक चुकीचे आहेत." माझे? माझे काऊन चुकतील, बाप्पा?

आणि यादी दिल्यानं नाव जुळणार आहे का? 'अपार'साठी, म्हणजे विद्यार्थ्याच्या कायमच्या ओळख क्रमांकासाठी, नाव जुळायला हवं, ते जुळवायला आईबापापैकी कोणीतरी रोजी पाडून आधार केंद्रावर जायला हवं. मॅडमनी तेच नाव चौथ्यांदा टाइप केलं म्हणून आधारवरचा 'दिपक' काही 'दीपक' होत नाही.

इकडे वर्गात काय झालं? पाटीवर 35. सात मोठे, दोन लहान, मग मूल आपल्या सोयीनं उलटं करतं. सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन. अगदी सरळ हिशोब! मॅडमची मान फोनमध्ये, गठ्ठ्याचं रबर तसंच, आणि 35 एका पाटीवरून दुसऱ्या पाटीवर बघता बघता पोचतं. एकदा बसलेलं 35 काढायला महिना जातो. "पाचच मिनिटांचं काम आहे" म्हणणाऱ्यांना हे कोण सांगणार? पाच मिनिटं मॅडमची, पंधरा वर्गाची. शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीला वर्षाचे 200 दिवस आणि 800 तास लिहिलेत, म्हणजे दिवसाला चार तास. त्यातला अर्धा तास रोज असा गेला तर 100 तास, म्हणजे 25 दिवस शाळा भरूनही न भरल्यासारखीच. त्याच कायद्यात हेही लिहिलंय की शिक्षकाला जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून दुसऱ्या कामाला लावायचं नाही. ई+11 ही आपत्तीच धरली असणार.

खिचडीचं तर बोलूच नये. मुलामागे 100 ग्रॅम तांदूळ, 31 हजर म्हणजे 3 किलो 100 ग्रॅम. चव घ्या, चव घेतली म्हणून सही करा, हजेरी ॲपवर टाका. आणि ॲप नेमकं पोरं ताट घेऊन रांगेत उभी असतानाच फिरत बसतं. हात धुण्याच्या दिवसाचा फोटो हवा, त्यात हात दिसले पाहिजेत. नळाला पाणी आहे का, हे विचारणारा रकानाच नमुन्यात नाही.

संख्यावाचनाचं तर अजूनच डोक्यात जातं. 'एकोणतीस' सांगा, निम्मी पोरं 39 लिहितात, कारण कानाला 'तीस' आधी कळतो. 'सत्तावन्न' म्हटलं की 75, कारण सात आधी ऐकू येतो. 2019 मध्ये दुसरीच्या पुस्तकात 'पन्नास सात' आलं तेव्हा अख्ख्या महाराष्ट्रानं त्याची टिंगल केली. टिंगल करणाऱ्यांपैकी एकानं तरी 31 पोरांना 'एकोणसाठ' लिहायला सांगून बघावं, आणि तेही घरी हिंदी, गल्लीत हिंदी, वर्गात मराठी अशा आपल्या नागपुरात!

आता खरं सांगायचं तर सूचना देण्यात मॅडमही काही मागे नाहीत. पेन्सिल खाली, बोट ओठावर, डबा आत, पाटी पालथी, टोक बाहेर जाऊन करा, आत्ता नाही, आत्ताच गेला होतास ना! एका तासिकेत मोजल्या तर वरून येणाऱ्या आठवड्याभराच्या सूचनांपेक्षा जास्त भरतील. आणि रोज ओरडायचं काय, तर "प्रश्न पूर्ण वाचा, मग उत्तर लिहा!" आज 11.58 ला घामाघूम होऊन यादी पाठवली, आणि मग त्या संदेशाची शेवटची ओळ वाचली. "ज्या शाळांनी दि. 5 नंतर माहिती भरली आहे त्यांनी पुन्हा भरू नये." भरली होती. 6 तारखेला.

म्हणून काय राग गेला? तिसऱ्या नंबरवर लाल अक्षरांत नाव टाकलंत कशाला मग!

संध्याकाळी फळ्यावर ठळक, "उद्या काड्या आणणे, 20." वहीत उतरवून घेतलं, प्रत्येकाची वही बघितली, सही केली. रात्री 9.47 ला पालकांच्या ग्रुपवर, "मॅडम उद्या काय आणायचं आहे?" त्याखाली दुसरे, "कसल्या काड्या? माचीसच्या चालतील का?" त्याखाली तिसऱ्यांनी पाटीचा फोटो टाकलाय, 52 वजा 27 बरोबर 35, "बरोबर आहे ना मॅडम?"

आम्ही टाइप करेपर्यंत त्याला चार अंगठे आले होते.