हवा, एक नग

आम्हा स्टोरेजवाल्यांचा देव हिरवा असतो आणि मुगाच्या दाण्याएवढा असतो. डेटा सेंटरमधल्या कपाटात बारा डिस्क ओळीने बसलेल्या, प्रत्येकीच्या कपाळावर एकेक हिरवा दिवा. तो लुकलुकतोय तोवर संसार सुखाचा. त्यातला एक जरी केशरी झाला, की समजायचं, आजचं जेवण गार होणार.

त्या दिवशी हरतालिका होती. रात्रीचे पावणेअकरा. सकाळी गणपती आणायचा म्हणून मी मखराच्या पुठ्ठ्याच्या खांबांना सोनेरी कागद चिकटवत बसलो होतो. दहाही बोटं खळीने बरबटलेली, आणि फोन वाजला. बोटाचा ठसा फोनला ओळखू येईना, म्हणून नाकाने उघडला. ‘डिस्क 7 फेल्ड.’

मी घाबरलो नाही. बारातली एक डिस्क राखीव असते, तिला हॉट स्पेअर म्हणतात. क्रिकेटमधला बारावा गडीच तो. कुणी जायबंदी झालं की हा न सांगता मैदानात उतरतो आणि गेलेल्या डिस्कवरचा डेटा उरलेल्यांच्या हिशेबातून पुन्हा लिहून काढतो. यालाच रिबिल्ड म्हणतात. उरलेल्या अकरा डिस्क रेड (RAID) 6 पद्धतीने एकमेकींत गुंफलेल्या, म्हणजे दोन एकदम गेल्या तरी डेटाला धक्का नाही. मी आईला म्हटलं, “काही नाही गं, एक डिस्क उडाली.” आई म्हणाली, “उडाली तर उडाली, तो खांब वाकडा लागलाय तेवढा बघ.”

आईला माझं काम मी एकदा समजावून सांगितलं होतं. लोकांचं सामान ठेवायचं कपाट मी सांभाळतो. तिने विचारलं, “मग तुला सारखे फोन का येतात? आपला माळा बघ, वीस वर्षं भरलाय, एकदा तरी कुणाचा फोन आलाय?” याला माझ्याकडे आजही उत्तर नाही. आमच्या माळ्यावर आइस्क्रीमचे रिकामे डबे आहेत, दोन मिक्सरची खोकी आहेत (मिक्सर केव्हाच भंगारात गेले) आणि माझ्या पाचवीच्या वह्या आहेत. कंपन्यांच्या स्टोरेजमध्येही हेच असतं, फक्त त्याला वीज लागते.

तर मुद्दा त्या डिस्कांच्या पेटीचा. 8 टेराबाइटच्या (टीबी) बारा डिस्क, म्हणजे 96 टीबी. आमच्या ग्राहक कंपनीच्या फायनान्सवाल्या साहेबांनी पैसे 96 चे दिले आणि संगणकावर त्यांना दिसले 65. त्या दिवसापासून ते माझ्याकडे, मी 31 टीबी घरी नेल्यासारखं बघतात. मी त्यांना पुण्याच्या भाषेत समजावलं. सर, 96 हा सुपर बिल्टअप. एक डिस्क राखीव, दोन डिस्कांएवढी जागा रेड 6 च्या हिशेबाला, म्हणजे जिना, लिफ्ट आणि पॅसेज. राहिले 72. आता डिस्क बनवणारा हजारच्या पटीत मोजतो आणि संगणक 1024 च्या पटीत, तिथे भिंतींची जाडी गेली. 65 हा तुमचा कार्पेट एरिया. साहेबांना एका क्षणात पटलं. पटलं म्हणजे काय, त्यांनी उसासा टाकला आणि आपल्या फ्लॅटबद्दल अर्धा तास बोलले.

रिबिल्डला वेळ किती लागतो? सेकंदाला 100 एमबी या वेगाने 8 टीबी लिहायचे तर सव्वाबावीस तास होतात, तेही पेटीला दुसरं काही काम नसेल तर. आमच्या पेटीवर रात्रभर कसले ना कसले रिपोर्ट चालू असतात. त्यामुळे मी खांब सरळ केला, आंघोळ केली आणि झोपलो. दोन चाळीसला पुन्हा फोन. ‘डिस्क 3 फेल्ड.’

आता मात्र झोप उडाली. रिबिल्ड जेमतेम 14 टक्क्यांवर. दोन डिस्क खलास, बारावा गडी अजून पॅड बांधतोय. तिसरी गेली असती तर 65 टीबीची राख. आणि तिसरी जाण्याची शक्यता तुम्हाला वाटते तेवढी दूरची नसते. बाराही डिस्क एकाच कारखान्यातून, एकाच लॉटमधून, एकाच खोक्यातून आलेल्या. एकाच दिवशी चालू झालेल्या, एकाच गरम हवेत सारख्याच फिरलेल्या. त्यात रिबिल्ड म्हणजे उरलेल्या सगळ्या जणींना शेवटच्या कोपऱ्यापर्यंत वाचून काढायला लावणं. दमलेल्या बाईला बहिणीचंही काम सांगितल्यासारखं. 2019 साली एका मोठ्या कंपनीनेच जाहीर केलं होतं की त्यांच्या काही एसएसडी, म्हणजे चकतीऐवजी चिपवर लिहिणाऱ्या डिस्क, फर्मवेअरमधल्या (डिस्कच्या आतल्या प्रोग्रॅममधल्या) चुकीमुळे 32,768 तास भरले की बंद पडतील. म्हणजे 3 वर्षं, 270 दिवस, 8 तास. एकत्र चालू केलेल्या सगळ्या एकत्रच आडव्या. आमच्या डिस्क त्या जातीच्या नव्हत्या, पण पहाटे तीनला रिकाम्या रस्त्यावर गाडी हाकताना माणसाला नको तेच आठवतं.

डेटा सेंटरला पोचेपर्यंत ब्रिज कॉल सुरू झालेला. ब्रिज कॉल म्हणजे ज्यांना काही करता येत नाही अशा चौदा जणांनी एकाला, “अपडेट काय?” असं आळीपाळीने विचारणं. आमचे मॅनेजर म्हणाले, “पण आपल्याकडे रेड आहे ना? मग बॅकअप कशाला बघायचा?” सर, रेड म्हणजे बॅकअप नव्हे. तुम्ही चुकून फाइल उडवली तर रेड ती अत्यंत निष्ठेने सगळीकडून उडवतं. मग बॅकअप कुठे आहे? टेपवर आहे. परत आणून बघितलाय का कधी? यावर चौदाही जण एकदम म्यूट झाले.

“मग डेटा तात्पुरता दुसऱ्या पेटीत हलव.” दुसऱ्या पेटीत जागा 40 टीबी आणि आम्ही लोकांना वाटलेली 70. याला थिन प्रोव्हिजनिंग म्हणतात. लग्नाला पाचशे पत्रिका वाटायच्या आणि ताटं साडेतीनशे मांडायची, सगळे काही येत नाहीत या भरवशावर. यजमान सुखात असतो. फक्त पंगत बसायच्या वेळी त्याला कुणी, “अजून शंभर माणसं आणतो,” असं म्हणायचं नसतं.

विकणाऱ्या कंपनीशी करार ‘चार तासांत प्रतिसाद’ असा होता. प्रतिसाद तीन तास पन्नास मिनिटांनी आला. कुठल्यातरी वेगळ्या टाइम झोनमधला, अतिशय गोड आवाजाचा एक मुलगा म्हणाला, “सर, लॉग बंडल पाठवा.” म्हणजे पेटीने स्वतःच लिहिलेल्या नोंदींचा गठ्ठा. पाठवलं. “सर, याच्यात काल रात्रीचं दिसतंय, ताजं पाठवा.” पाठवलं. “सर, तुमचं फर्मवेअर दोन आवृत्त्या मागे आहे, आधी ते अपडेट करूया का?” दोन तंगड्या मोडलेल्या माणसाला आधी केस कापून या म्हणण्यातला प्रकार. मी ओरडणार होतो, पण ओरडलो नाही, कारण समोर डिस्क होत्या.

हसू नका. 2008 च्या अखेरीस सन मायक्रोसिस्टिम्स या संगणक कंपनीच्या ब्रेंडन ग्रेग या इंजिनियरने चालू डिस्कपेटीसमोर उभं राहून बेंबीच्या देठापासून आरोळी ठोकली होती आणि त्या कंपनांनी डिस्कचा वेग मंदावलेला आलेखावर दाखवला होता. 2016 मध्ये तर रोमानियातल्या एका बँकेत आग विझवण्याच्या यंत्रणेची चाचणी घेताना वायू सुटला, आणि त्याच्या नुसत्या आवाजाने डिस्क बाद होऊन बँकेचे व्यवहार कित्येक तास ठप्प झाले. म्हणजे डिस्कवर चिडायचं तर बाहेर जाऊन. मी नियम पाळून पार्किंगमध्ये गेलो, तिथे मनसोक्त चिडलो आणि परत आलो.

आणि साडेनऊला बाहेर ढोल वाजायला लागले. कुठल्यातरी मंडळाचा गणपती निघालेला. जन्मात पहिल्यांदा मला ढोलताशाने अंगावर काटा आला, पण तो वेगळ्या कारणाने. जाड काचांच्या आत ते काय ऐकू येणार, हे कळत होतं. तरी मी लेटन्सीच्या, म्हणजे डिस्क उत्तर द्यायला किती वेळ लावते त्याच्या, आलेखावर डोळे लावून, आयसीयूबाहेरच्या नातेवाइकासारखा बसलो. बसल्या बसल्या, आपण वाचवतोय तरी काय, म्हणून पेटीत डोकावलो. फायनान्सच्या जागेत 2 टीबीचं एक फोल्डर, नाव ‘न्यू फोल्डर फायनल 2’. आत दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेलेल्या कुणाचं तरी प्री-वेडिंग शूट. समुद्रकिनारा, फुगे, उधळणारी ओढणी. आणि त्याच्या चार प्रती. रात्रभर मी देवाला हात जोडले होते ते यांच्या ओढणीसाठी.

नवी डिस्क भिवंडीच्या गोदामातून निघाली होती. मोटरसायकलवर. मोटरसायकलला एक्सप्रेसवेवर बंदी, म्हणून जुन्या रस्त्याने, खंडाळ्याच्या घाटातून, पावसात, एका मुलाच्या पाठीवरच्या पिशवीत. आत कपाटाला दोन-दोन वीजपुरवठे, दोन कंट्रोलर, दोन केबली, कुठेही एकाच गोष्टीवर भिस्त नको असं सगळं डिझाइन. आणि शेवटी सगळी भिस्त त्या एका पोरावर आणि त्याच्या क्लच वायरवर. रेडची कल्पना 1988 मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी मांडली, तेव्हा RAID या नावातला ‘आय’ हा ‘इनएक्स्पेन्सिव्ह’ म्हणजे स्वस्त या शब्दाचा होता. पुढे त्याचं ‘इंडिपेंडंट’ झालं. आमच्या नव्या डिस्कचं बिल बघितलं की का झालं असावं, ते कळतं.

पोरगा साडेअकराला आला. नखशिखान्त ओला, खोकं मात्र कोरडं. त्याला चहा पाजला आणि गेटवर आलो, तर खरा घाट तिथेच होता.

“गेटपासवरचा नंबर आणि खोक्यावरचा नंबर वेगळा आहे, साहेब.”

“काका, एक पार्ट नंबर आहे, एक सिरियल नंबर. खोकं उघडून आत बघा.”

“उघडता येत नाही. सील आहे. आणि सील तुटलं असेल तर आत घेता येत नाही.”

मी चौघांना फोन लावले. चौघेही आरतीत. शेवटी काकांनीच तोडगा काढला. रजिस्टरवर दोन्ही नंबर लिहिले, मध्ये ‘किंवा’ लिहिलं आणि खाली माझी सही घेतली. सव्वाबाराला डिस्क बसली, दिवा लुकलुकला, रिबिल्डचा आकडा हलला. बाराव्या गड्याला जोडीदार मिळाला. मूर्तीचा मुहूर्त दीडपर्यंत होता.

धावत निघालो, तर काकांनी पुन्हा अडवलं. “डिस्क बाहेर नेताय?”

“नाही, काका. जुन्या डिस्क बाहेर नेता येत नाहीत, त्यांत डेटा आहे. त्या आतच फोडतात. हे नुसतं खोकं.”

“पण आत येताना खोक्यात एक नग होता.”

“तो आत राहिला.”

“मग आता यात काय आहे?”

“हवा.”

काकांनी खोकं उघडलं, आत वाकून बघितलं, फोम दाबून बघितला, आणि रजिस्टर ओढून सुवाच्य अक्षरात लिहिलं, ‘हवा – 1 नग. परत करणे नाही.’

मूर्ती घेऊन घरी पोचलो तेव्हा एक पंचवीस झाले होते. पाटावर अक्षता पडल्या. आरतीला माझ्या एका हातात झांज आणि दुसऱ्यात फोन, नव्या डिस्कचं रिबिल्ड 3 टक्के. आईने डोळे वटारले म्हणून फोन खिशात घातला. नैवेद्य झाल्यावर ती कोपऱ्यातलं खोकं उचलून बघत होती. आतला फोम, पक्कं झाकण, छान बेतशीर आकार.

“रिकामं आहे ना रे?” म्हणाली आणि उत्तराची वाट न बघता स्टूल घेऊन माळ्याकडे निघाली.