नियम ठाऊक असला तरी खिडकीपाशी बोलू नये

उत्पन्नाचा दाखला काढायला निघालात? मग घरून पोटभर खाऊन निघा, पाण्याची बाटली घ्या, आणि नियम तेवढे घरी ठेवा.

नियम वाचून आलेला माणूस खिडकीमागच्या मॅडमना लांबूनच कळतो. कागद फायलीत क्रमाने लावलेले, चेहऱ्यावर नको तेवढा आत्मविश्वास. आणि तोंड उघडल्या उघडल्या, "मॅडम, २०१५ च्या जीआरप्रमाणे..." संपलं. त्याचं काम त्या दिवशी होत नाही.

जीआर खरा आहे हो. ९ मार्च २०१५ चा. प्रतिज्ञापत्राऐवजी साध्या कागदावर स्वयंघोषणापत्र चालेल आणि झेरॉक्सवर अर्जदाराने स्वतःच सही केली तरी पुरे, असं त्यात म्हटलंय. पण तुम्ही तो दाखवलात तर उत्तर येईल, "असेल. आमच्याकडे अजून आलेला नाही." यावर चिडू नका. मंत्रालयातून नाशिकला कागद यायचा म्हणजे मध्ये कसारा घाट आहे. दहा-अकरा वर्षं त्यामानाने कमीच.

मुद्रांकाचंही तेच. सरकारी कचेरीत द्यायच्या प्रतिज्ञापत्रावरचं मुद्रांक शुल्क २००४ सालीच माफ झालं. लोकांनी तरीही शंभराचा स्टॅम्प घेणं सोडलं नाही. २०२४ च्या ऑक्टोबरात शंभराच्या जागी पाचशेचा आला, तोही घेतला. शेवटी २०२५ मध्ये सरकारलाच पुन्हा सांगावं लागलं की बाबांनो, दाखल्यांसाठी तो लागत नाही. तुम्ही मात्र जवळ एक बाळगा. नाशिकरोडच्या प्रेसमध्ये देशाचे मुद्रांक आणि पासपोर्ट छापले जातात. सगळ्या देशाला कागद पुरवणाऱ्या गावाच्या माणसानेच कागदाला कंटाळावं, हे काही शोभत नाही.

साहेब जागेवर नसतील तर कुठे गेले, असं विचारू नये. साहेब कुंभमेळ्याच्या मीटिंगला गेले आहेत. इतर जिल्ह्यांतल्या कर्मचाऱ्यांना व्हिडिओ कॉन्फरन्स, दौरा, ट्रेनिंग अशी कारणं शोधत बसावं लागतं. आपल्याकडे २०२७ चा सिंहस्थ आहे. तो झाला की हिशेब आणि अहवाल, ते झाले की पुढच्या सिंहस्थाचा आराखडा. बारा वर्षं अशी सहज निघतात.

वाट बघताना वेळ जात नाही म्हणून भिंतीवरचा फलक वाचायला जाल. तेवढं टाळा. लोकसेवा हक्क कायदा, २०१५ चाच. कोणती सेवा किती दिवसांत, कोण देणार, नाही दिली तर अपील कोणाकडे, सगळं त्यावर लिहिलेलं असतं. मुदत विनाकारण चुकवणाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये दंडसुद्धा आहे. म्हणूनच फलकापुढे गोदरेजचं कपाट उभं असतं. आणि मुदत म्हणाल तर ती पाळली जाते, अगदी काटेकोर. शेवटच्या दिवशी संध्याकाळी तुमच्या मोबाइलवर मेसेज येतो: अर्जात त्रुटी, फोटो अस्पष्ट. फोटो बदललात की मुदत पुन्हा पहिल्या दिवसापासून.

(हेल्पलाइनला फोन करायची हौस असेल तर जरूर करा. नऊ दाबा. सनई बरी आहे.)

आता नोव्हेंबर. पेन्शनवाल्या आईला घेऊन बँकेत जायचं आहे, हयातीच्या दाखल्यासाठी. २०१४ पासून ही सोय डिजिटल झाली आहे. काचेवर अंगठा ठेवायचा, मशीनने ओळखलं की आई जिवंत. मशीन ओळखत नाही. "आजी, हात पुसा." आई पदराला अंगठा पुसते, पुन्हा ठेवते. लाल दिवा. "दुसरा ठेवा." लाल दिवा. "जरा दाबून." शाळेतला खडू आणि घरची भांडी यांत त्या बोटांवरच्या रेषा कधीच गेल्या, आता दाबून काय उमटणार! समोरचा पोरगा वाईट नाही, पण तो आईकडे बघतच नाही, स्क्रीनकडे बघतो. "मॅच होत नाहीये, मावशी." आजीची मावशी झाली, एवढीच प्रगती. आई विचारते, "मग आता मी कोण म्हणायची रे?" मागे रांगेत कुणीतरी हसतं.

इथे तुमच्या जिभेवर येईल, की कागदी फॉर्मही चालतो, पेन्शनर समोर उभा असला की बँकेचा अधिकारी त्यावर सही करू शकतो. गिळा ते वाक्य. "आता सगळं ऑनलाइन झालंय काका," असं उत्तर मिळेल, आणि आईदेखत तुम्ही काका व्हाल. त्यापेक्षा आईचा दंड धरून तिला बाकावर बसवा आणि सर्व्हर दमेपर्यंत थांबा.

घाई फारच असेल तर कचेरीबाहेर टेबल टाकून बसलेल्या भाऊंना भेटा. ते तुम्हाला एकही नियम सांगणार नाहीत. "सोडा इथे, परवा या," एवढंच म्हणतील. फोटो अस्पष्ट असला तरी त्यांच्या हातून गेला की स्पष्ट होतो. कसा, हे विचारायचं नाही. पैसे मोजताना तोंड कचेरीकडे करायचं नाही.

असा तसा एकदाचा दाखला हातात पडेल. नावाचं स्पेलिंग बघाल, बरोबर निघेल. रक्कम बघाल, तीही बरोबर. आता खालची ओळ वाचा: वैधता ३१ मार्च. तुमच्या हाती आला तेव्हा मार्चचा शेवटचा आठवडा चालू असेल, आणि कॉलेज तर जूनमध्ये मागणार. नव्या वर्षासाठी नवा अर्ज भरा. सोबत हा जुना दाखला जोडा. तो चालत नाही, पण नसला तर विचारतात.