डेफकॉन १ वर आला की हरतो कोण?

ट्वायलाइट स्ट्रगल या दोघांच्या बोर्ड गेममध्ये एक जण अमेरिका होतो, दुसरा सोव्हिएत. डेफकॉन हा त्यातला ५ ते १ असा युद्धाच्या धोक्याचा आकडा; तो १ वर आला की अणुयुद्ध होतं आणि खेळ संपतो. हा खेळ खेळणाऱ्यांत एक दावा सतत फिरत असतो. सोव्हिएत खेळाडूला ‘सीआयए क्रिएटेड’ हे अमेरिकेच्या बाजूचं कार्ड खेळावं लागलं, त्या कार्डाच्या जोरावर अमेरिकेने कू (एखाद्या देशातला प्रतिस्पर्ध्याचा प्रभाव उलथवण्याचा प्रयत्न) केला आणि डेफकॉन २ वरून १ वर घसरला, तर अणुयुद्ध अमेरिकेने पेटवलं, म्हणून अमेरिका हरली. हे चूक आहे. हरतो सोव्हिएत. नवख्यांना हा नियम उलटा शिकवला जातो याचं मला फार वाईट वाटतं, कारण त्यातून या खेळातला सगळा ताणच निघून जातो.

अनंदा गुप्ता आणि जेसन मॅथ्यूज यांचा हा शीतयुद्धाचा खेळ २००५ साली आला. प्रतिस्पर्ध्याचं कार्ड तुमच्या हातात आलं आणि तुम्ही ते ऑपरेशन्ससाठी, म्हणजे त्यावरच्या आकड्याइतके ऑप्स प्रभाव वाढवायला किंवा कू करायला वापरलं, तरी त्यावरची घटना घडतेच. ‘सीआयए क्रिएटेड’ सांगतं: सोव्हिएतने हातातली कार्डं दाखवायची, मग अमेरिकेने १ ऑप्सचं कार्ड खेळल्याप्रमाणे ऑपरेशन्स करायची.

दावा करणारे बोट ठेवतात ते या ‘खेळल्याप्रमाणे’वर. त्यांच्या मते तेवढ्यापुरती पाळी अमेरिकेची होते. पण त्या शब्दांतून फक्त दोन गोष्टी कळतात: किती ऑप्स मिळाले आणि त्यांचं काय करता येईल. पाळीबद्दल तिथे अक्षर नाही. पटावर बघा ना. अमेरिकेचा कू झाला तरी राउंडचा (एकेका कार्डाच्या खेळीचा) मार्कर जागचा हलत नाही, आणि त्याच राउंडमध्ये सोव्हिएत स्वतःचा १ ऑप वापरतो. पाळी त्याचीच होती आणि त्याचीच राहिली. नियमपुस्तिकेप्रमाणे डेफकॉन १ वर गेला की जबाबदार धरायचा तो ज्याची पाळी चालू आहे त्याला. घटना कोणाच्या बाजूची होती हा प्रश्नच येत नाही.

दुसरा युक्तिवाद, ‘कार्ड नियमापेक्षा वरचढ असतं’. असतं, पण दोघांत विरोध असेल तिथेच. हे कार्ड हरण्या-जिंकण्याबद्दल काहीच बोलत नाही, मग विरोध कुठून आला? उलट ‘क्यूबन मिसाइल क्रायसिस’ वाचा. त्या डावफेरीत प्रतिस्पर्ध्याने कुठेही कू केला तर प्रतिस्पर्धी हरतो, असं तिथे स्वच्छ छापलंय. कू करणाऱ्याला हरवायचं होतं तिथे रचनाकारांनी ते लिहून ठेवलं आहे.

त्यातल्या त्यात वजनदार मुद्दा ‘ग्रेन सेल्स’ या अमेरिकेच्या बाजूच्या कार्डाचा आहे. तिथे अमेरिका सोव्हिएतच्या हातातून एक कार्ड ओढून खरोखर खेळते. तरीही, सोव्हिएतच्या पाळीत डेफकॉन २ असताना डेफकॉन एकने घसरवणारं ‘डक अँड कव्हर’ ओढलं गेलं आणि खेळलं गेलं, तर हरतो सोव्हिएतच.

राहिला ‘हा अन्याय आहे’ हा सूर. अन्याय नाही, कारण सुटायच्या वाटा आहेत, आणि त्या शोधणं हाच तर खरा खेळ. डेफकॉन २ वर युरोप, आशिया आणि मध्यपूर्व कूसाठी बंद असतात. आफ्रिका, मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या कुठल्याही बॅटलग्राउंडमध्ये (मोक्याच्या देशात, जिथे कू केला की डेफकॉन एकने घसरतो), म्हणजे अंगोला, पनामा, ब्राझील अशा ठिकाणी, सोव्हिएतचा प्रभावच नसेल तर अमेरिकेला घातक कू करायला जागाच उरत नाही. मग कार्ड बिनधास्त खेळा. सुरुवातीच्या फेऱ्यांत हातात ८ कार्डं असतात, त्यातलं १ हेडलाइनला (फेरीच्या सुरुवातीला दोघांनी एकदम उघडायचं कार्ड) आणि ६ राउंडला जातं, एक मागे ठेवता येतं. स्पेस रेसला (घटना न घडवता कार्ड खपवायची जागा) मात्र किमान २ ऑप्स लागतात, म्हणून हे कार्ड तिकडे फेकता येत नाही. अमेरिकेच्या हातातलं ‘लोन गनमन’ही तसंच, फक्त बाजू उलट.

हेडलाइनला खेळणं बरं, कारण फेरीच्या सुरुवातीला डेफकॉन एकने सुधारतो आणि २ चा ३ होतो. पण समोरून ‘डक अँड कव्हर’ आलं तर जास्त ऑप्सचं म्हणून ते आधी सुटतं आणि डेफकॉन पुन्हा २ वर येतो. त्यानंतर सुटणाऱ्या ‘सीआयए क्रिएटेड’ची जबाबदारी ते हेडलाइनला ठेवणाऱ्याची, म्हणजे सोव्हिएतची.