काकूची ओवी आणि ल्युइस बेटावरचं स्तोत्र

गेल्या महिन्यात भावाचा फोन आला तेव्हा मी रात्रपाळी संपवून नुकतीच घरी पोचले होते. परतवाड्याच्या पुढे, मेळघाटच्या पायथ्याशी आमचं गाव. चाळीसेक घरांची ख्रिस्ती मंडळी. तिथे सध्या दोन वाद पेटलेत. पहिला उपासनेतल्या वाद्यांचा. तरुण पोरांना ढोलक-टाळ बाजूला सारून कीबोर्ड आणि ड्रमसेट हवा आहे, मोबाईलवर ऐकलेली हिंदी-इंग्रजी गीतं हवी आहेत. वडीलधारे जुनं गीतांचं पुस्तक सोडायला तयार नाहीत. त्यांच्यातल्याच काहींना खंजिरी तर पहिल्यापासून खटकते, कारण ती देवळातल्या भजनात वाजते. दुसरा वाद कृपादानांचा, म्हणजे पवित्र आत्मा माणसाला देतो त्या देणग्यांचा. उज्जीवन सभेला बाहेरून आलेल्या एका प्रचारकानं सांगितलं की ज्याला अन्य भाषांचं, म्हणजे प्रार्थनेत न शिकलेल्या भाषेत बोलण्याचं दान नाही त्याच्यात पवित्र आत्मा नाही. मग असं दान नसलेल्यांना त्यानं उभं राहायला लावलं.

माझी काकू उभी राहिली. साठी उलटलेली, आयुष्यभर दुसऱ्यांच्या वावरात कापूस वेचलेली बाई. भाऊ म्हणाला, "तवापासून काकू मागंच बसते. गात नाही."

ते शेवटचे दोन शब्द ऐकून मला दिवसभर झोप लागली नाही. काकूला अक्षरओळख नाही. रविवारी पाळकसाहेब बायबलातलं जे वाचतात ते ती ऐकते, आणि आठवडाभर पऱ्हाटीच्या तासात वाकून त्याची ओवी करते. माझ्या लहानपणची एक ओवी मला अजून पाठ आहे:

रूथ वेचते सरवा । सासू उपाशी घरात ।
बवाजाच्या वावरात । देव सांडे दाणे ॥

रूथच्या पुस्तकात बवाज आपल्या माणसांना सांगतो की पेंढ्यांतून थोडं मुद्दाम पडू द्या, तिला वेचू द्या. सरवा म्हणजे काय हे आमच्याकडे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. सोंगणी झाल्यावर मागे राहिलेलं वेचायला बाया जातात. एखादा शेतकरी हाकलतो, एखादा बघून न बघितल्यासारखं करतो. त्या न बघण्यात देव आहे, हे मी प्रवचनातून नाही, काकूच्या चार ओळींतून शिकले.

स्कॉटलंडला येऊन मला बारा वर्षं झाली. पहिली दोन मी ल्युइस बेटावर काढली. थंडी, वारा, आणि रविवारी सगळं बंद. एका रविवारी सोबतच्या नर्सनं तिच्या चर्चमध्ये नेलं. गेलिक या तिथल्या जुन्या भाषेतली उपासना, एक शब्द कळत नव्हता. वाद्य एकही नाही. एक वयस्क माणूस बसल्या जागेवरून स्तोत्राची ओळ म्हणायचा आणि सगळे लोक ती ओळ उचलायचे, पण एका सुरात नाही. प्रत्येक जण आपापल्या गतीनं, आपापल्या हरकती घेत जायचा. समुद्राची लाट किनाऱ्याला लागल्यावर पसरते, तसा तो आवाज पसरायचा. पूर्वी लोकांकडे पुस्तकं नव्हती, अनेकांना वाचताही येत नव्हतं, तेव्हापासून ही रीत चालत आलेली. एकानं सांगायचं, बाकीच्यांनी झील धरायची.

मी रडले. मला आमच्या आजीच्या ओसरीवरचं भजन आठवलं. अंगणात चटया, कंदील, एक बाई ओळ टाकते आणि बाकीच्या धरतात. आजीला एकदा मंडळीतल्या एका वडीलधाऱ्यांनी टाळ वाजवू नका म्हणून सांगितलं होतं. ती म्हणाली होती, "देवाले टाळ समजते, मंग तुमाले काहून नाही समजत?"

त्या बेटावर मी पाहिलेली उपासना फ्री चर्च या स्कॉटिश पंथाची. नागपूरला १८४५ साली आलेले मिशनरी स्टीफन हिस्लॉप याच चर्चचे. शाळा काढणारा, दगड-जीवाश्म जमवणारा हा माणूस गोंडांची, त्यांच्या लिंगो देवाची गाणी बसून लिहून घेत होता. १८६३ साली ते नदीत बुडून गेले, आणि ते कागद नंतर छापले गेले. ज्यांनी सुवार्ता आणली त्यांच्यातल्या एकानं तरी इथल्या लोकांच्या गाण्याला कान दिला होता. आज आपणच आपल्या गाण्याला कान देत नाही.

खंजिरीला परकी म्हणणाऱ्यांना मला रेव्हरंड नारायण वामन टिळकांची आठवण करून द्यावीशी वाटते. त्यांची ख्रिस्ताशी ओळख झाली ती नागपूरहून राजनांदगावला जाताना, आगगाडीत एका परदेशी प्रवाशाशी झालेल्या बोलण्यातून. १८९५ साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असं ते म्हणत. आजही आपल्या उपासनेत त्यांची गीतं गायली जातात, आणि ती मराठीच्याच मातीतली आहेत. तुकडोजी महाराजांमुळे खंजिरीचा आवाज वऱ्हाडात घरोघरी पोचला, हे खरं. पण कातडं आणि झांजा कोणा एकाच्या मालकीच्या नसतात. स्तोत्रसंहितेच्या शेवटच्या, १५० व्या स्तोत्रात डफ आहे, झांजा आहेत, नृत्यही आहे.

आता कीबोर्ड मागणाऱ्या पोरांशी बोलते, कारण तुम्ही ज्याचं स्वप्न बघताय ते मी इकडे रोज बघते. सध्या मी इन्व्हर्नेसला असते. आमच्या चर्चमध्ये पडदा आहे, ध्वनियंत्रणा उत्तम, वादक तयारीचे. चौघे गातात आणि बाकीचे बघतात. गीतं महिन्या-दोन महिन्यांनी बदलतात, त्यामुळे कोणाला काही पाठ होत नाही. एकदा उपासना चालू असताना वीज गेली, तर गाणंही थांबलं. आमच्या गावात वीज जाते तेव्हा गाणं वाढतं, हे तुम्हाला माहीत आहे.

पण वडीलधाऱ्यांनीही ल्युइसकडे नीट बघावं. तिथल्या चर्चनं बायबलातल्या स्तोत्रांखेरीज काही गायचं नाही, वाद्य लावायचं नाही, असा नियम पिढ्यानपिढ्या पाळला. २०१० साली फ्री चर्चनं प्रत्येक मंडळीला निवड करण्याची मोकळीक दिली, तेव्हा केवढे वाद झाले ते तिथले लोक अजून सांगतात. मी ज्यांच्यात बसले ते बहुतेक म्हातारे होते. त्यांच्या नातवंडांना गेलिक येत नाही. एवढं सुंदर गाणं कोणी हिसकावलं नाही, ते पुढच्या हातात दिलंच गेलं नाही. मुख्य भूमीवर तर चर्च ऑफ स्कॉटलंडच्या कितीतरी इमारती विकल्या जाताहेत. रंगीत काचांमागे लोकांची स्वयंपाकघरं झालेली मी पाहिली आहेत.

इकडच्या मंडळ्यांतली एक गोष्ट मात्र आपण मनापासून उचलावी. मी इन्व्हर्नेसच्या चर्चमध्ये गेल्यावर तिसऱ्याच आठवड्यात एका आजीबाईंनी मला विचारलं, "तुला देवानं काय दिलंय?" मी गोंधळले. गावात हे मला कोणी विचारलं नव्हतं. गावात विचारतात, देणगी किती दिली, सभेला आलीस का. मी म्हटलं, मला आजाऱ्याजवळ बसता येतं. पुढच्या रविवारपासून माझ्याकडे तीन घरं आली. माझा विश्वास वाढला तो त्या तीन घरांत.

प्रेषित पौलानं १ करिंथ १२ मध्ये कृपादानं मोजली आहेत. त्यात अन्य भाषा आहेत, रोग बरे करणं आहे. मी त्यांना नाकारत नाही. १९०५ साली पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती या आश्रमात जे उज्जीवन, म्हणजे विश्वासाचं नव्यानं जागणं झालं त्यात मुली रडल्या, अन्य भाषांत बोलल्या, आणि रमाबाईंनी त्याची थट्टा केली नाही. पण त्याच मुक्तीत शेती होती, विणकाम होतं, छापखाना होता, आणि साध्या बाईला कळावं म्हणून रमाबाई बायबल सोप्या मराठीत आणत होत्या. त्या १९२२ साली गेल्या, भाषांतर १९२४ साली छापून आलं. आत्मा तिथे प्रार्थनेत होता आणि छपाईचे खिळे जुळवणाऱ्या बोटांतही होता. पौलाच्या यादीत साहाय्य करणारे आहेत, व्यवस्था पाहणारे आहेत. लगेच पुढे तो विचारतो, सगळेच अन्य भाषा बोलतात काय? त्या सभेत हे एक वचन कोणी मोठ्यानं वाचलं असतं तर काकू खाली बसली असती.

बायबलात देवाच्या आत्म्यानं परिपूर्ण केलं असं पहिल्यांदा ज्याच्याबद्दल म्हटलंय तो संदेष्टा नाही, राजा नाही. तो बसालेल, सोन्याचं, लाकडाचं, नक्षीचं काम करणारा कारागीर. निर्गमाचा ३१ वा अध्याय काढून बघा. आणि यापो गावची दुर्कस? ती मेली तेव्हा विधवांनी येशूचा शिष्य पेत्र याला तिचं एकही भाषण सांगितलं नाही. तिनं शिवलेले अंगरखे दाखवले. तिचं दान सुईदोऱ्यात होतं. काकूचं ओवीत आहे, आणि वेचणीच्या बायांना ती ऐकवत असते. त्यातल्या दोघीतिघी चर्चमध्ये कधी येत नाहीत, पण रूथ त्यांना माहीत आहे. असं प्रवचन आमच्या वेदीवरून अजून झालेलं नाही.

पाळकसाहेबांना मी पत्र लिहिलं आहे. जानेवारीत हंगामाचा सण आहे. लोक तूर, कापूस, भोपळे, कोंबड्या आणतील आणि लिलाव होईल. त्याआधी एक तास मागितला आहे. माईक काकूकडे. ती एक ओळ टाकेल, मंडळी धरेल. ढोलक राहील, खंजिरी राहील, आणि पोरांनी कीबोर्ड आणावा, पण त्यावर काकूची चाल शोधून काढावी. ती चाल कुठल्याच मोबाईलवर मिळणार नाही, तिच्याजवळ बसूनच घ्यावी लागेल. भाच्याला मी सांगितलंय की वही घेऊन जा, ओव्या उतरवून घे.

काल काकूशी बोलले. बराच वेळ ती पऱ्हाटीवरच्या बोंडअळीचं सांगत राहिली. मग म्हणाली, "पाळकसाहेब हो म्हनतीन का वं?"

म्हटलं, मी तिकीट काढलंय.

"मंग एक नवी करतो," ती म्हणाली. "दुर्कसची."