काजवे कमी, थापा जास्त

जून उजाडला की सोशल मीडियावर काजव्यांचे फोटो सुरू! भंडारदऱ्याच्या एकाच झाडावर लाखभर काजवे, अन् फोटोखाली काय लिहिलेलं, तर 'सिंगल शॉट, नो एडिट'. अहो, शटर ३०-३० सेकंद उघडं ठेवून काढलेले ८० फोटो एकावर एक रचलेत, हे सांगायला जीभ का अडखळते? रचा की, कोण नको म्हणतंय! पण त्याच रात्री मागे आकाशगंगा कुठून उगवली? आमच्या डोक्यावर तर नुसते ढग होते. कॅमेऱ्याचं सेटिंग विचारलं की असे एक महाशय म्हणतात, "अनुभव लागतो, दादा." अनुभव! हेच महाशय शनिवारी माझ्या ट्रायपॉडपुढे मोबाइलचा टॉर्च पेटवून फोकस लावत होते. काजवे विझले, माझी फ्रेम पांढरीफटक. घरी येऊन बघतो तर यांचीच पोस्ट: 'काजव्यांना उजेडाचा त्रास देऊ नका.' वर ४०० लाइक. त्यातला एक आमच्या हिचा!