स्कॅनमधले रंगीत ठिपके आणि व्यसनाचा वाद

मराठीत व्यसनावर वाद पेटला की दोन बाजू ठरलेल्या असतात. एक म्हणते, मनावर घेतलं तर सुटते, ज्याला सोडायचीच नाही तो बहाणे सांगतो. दुसरी बाजू गेल्या काही वर्षांत जोर धरू लागली आहे. ती मेंदूच्या स्कॅनचं रंगीत चित्र पुढे करते आणि सांगते की हा मेंदूचा आजार आहे, अमेरिकेत हे केव्हाच सिद्ध झालंय, त्या माणसाच्या हातात आता काही उरलेलं नाही. अमेरिकेत बसून हा वाद वाचताना पहिली बाजू निर्दय वाटते आणि दुसरी भाबडी. दुसरीचा हेतू चांगला आहे, म्हणूनच तिच्या पुराव्याची झडती आधी घ्यायला हवी.

सर्वांत जास्त फिरलेल्या चित्रांपैकी एक घ्या. मेंदूचे तीन काप शेजारी शेजारी. पहिल्यात मध्यभाग झगझगीत, दुसऱ्यात तो फिकुटलेला, तिसऱ्यात पुन्हा बराचसा उजळलेला. पहिला काप निरोगी माणसाचा, दुसरा मेथॅम्फेटामाइन हे उत्तेजक अमली द्रव्य सोडून महिना झालेल्याचा, तिसरा चौदा महिन्यांनंतरचा. अमेरिकन मेंदूसंशोधक नोरा व्होल्को यांच्या गटाचं हे २००१ मधलं काम. डोपामाइन हे मेंदूतलं संदेशवाहक रसायन उचलून परत पेशीत नेणारं प्रथिन किती शिल्लक आहे, ते पेट स्कॅनने, म्हणजे किंचित किरणोत्सारी द्रव्य टोचून त्याचा माग घेणाऱ्या स्कॅनने, मोजलेलं. दीर्घकाळ नशेपासून दूर राहिल्यावर पुन्हा तपासलेली माणसं होती पाच. हो, पाचच. आणि त्यांच्यात ते प्रथिन बऱ्यापैकी भरून आलं, तरी हालचालींच्या आणि स्मरणशक्तीच्या चाचण्यांतली सुधारणा त्या मानाने तोकडी होती. म्हणजे चित्र उजळलं म्हणून कारभार सुधारला, असा हिशेब इथे जुळत नाही. आणि हा मुळात मेंदू भरून येण्याचा अभ्यास! वादात मात्र तो मेंदू कायमचा जळाल्याचा पुरावा म्हणून येतो.

आत्मनियंत्रणावरचं बरंचसं संशोधन मात्र एफएमआरआय या दुसऱ्या प्रकारच्या स्कॅनवर चालतं. हे यंत्र चेतापेशींचं काम थेट मोजत नाही. रक्तातल्या ऑक्सिजनमुळे चुंबकीय संकेतात पडणारा फरक ते टिपतं. हा फरक साधारण एक टक्क्याच्या आसपास असतो आणि पेशी कामाला लागल्यावर ५-६ सेकंदांनी शिगेला पोचतो. चित्रातला एक ठिपका म्हणजे २-३ मिलिमीटर बाजू असलेला घन. त्यात चेतापेशी असतात लाखांच्या घरात.

स्कॅनरमध्ये झोपलेल्या माणसाला द्यायची नेहमीची कसोटी म्हणजे स्टॉप-सिग्नल. पडद्यावर डावा किंवा उजवा बाण येतो, त्याप्रमाणे झटपट बटण दाबायचं. चारांतल्या एका खेपेला बाणापाठोपाठ क्षणभरात थांबण्याची खूण येते आणि निघालेलं बोट आवरायचं असतं. आवरलं तर पुढच्या वेळी खूण ५० मिलिसेकंद उशिरा देतात, नाही आवरलं तर तेवढीच लवकर. असं करत यशाचं प्रमाण ५० टक्क्यांवर आणून ठेवतात आणि त्यावरून थांबायला लागणारा वेळ काढतात. निरोगी तरुणांत तो २०० ते २५० मिलिसेकंदांच्या आसपास भरतो. थांबण्याच्या खेपा पन्नासहून कमी असल्या तर हा आकडा भरवशाचा राहत नाही. शिवाय माणसं चलाख असतात. खूण येईल या अंदाजाने मुद्दाम सावकाश दाबू लागतात आणि गणिताचा पायाच निसटतो. म्हणून सरावाच्या वेळीच ‘खुणेची वाट पाहू नका’ हे बजावावं लागतं, आणि तरी काहींची सगळी नोंद फेकून द्यावी लागते.

बोट आवरताना मुख्यतः उजव्या कपाळामागचा खालचा पट्टा, त्याच्या जोडीला हालचालींची आखणी करणारा मधला भाग आणि खोलवरचं सबथॅलॅमिक केंद्रक काम करतं. व्यसनी गटात कपाळामागचा हा पट्टा अनेकदा कमी पेटलेला दिसतो. काही अभ्यासांत उलट जास्त. कमी दिसला की लिहिलं जातं, नियंत्रण दुबळं. जास्त दिसला की लिहिलं जातं, तेवढ्याच कामाला जादा कष्ट पडताहेत. दोन्ही निकाल एकाच सिद्धांताच्या खात्यात जमा होतात, नावे काही पडतच नाही.

मोजमापातल्या अडचणी याहून रोखठोक आहेत. डोकं अर्धा मिलिमीटर हललं तरी संकेत बिघडतो, आणि नशा उतरत असलेला माणूस नेमका अस्वस्थ असतो. कोकेनने रक्तवाहिन्या आकसतात, कॅफिनने मेंदूतला रक्तप्रवाह घटतो. मोजायचं रक्तावरून आणि पदार्थ थेट रक्तवाहिन्यांवरच काम करणारा, म्हटल्यावर पेशींचा दोष कुठला आणि वाहिन्यांचा कुठला हे वेगळं काढणं अवघड. दारूचं अवलंबित्व असलेल्यांत बहुतेक जण सिगारेटही ओढणारे. त्यांना तपासणीआधी काही तास ओढू दिली नाही तर आपण तलफ मोजतो, ओढू दिली तर निकोटिन. निदान शेवटची सिगारेट किती वाजता ओढली हे लिहून ठेवायला हवं, श्वासातला कार्बन मोनॉक्साइड मोजायला हवा, लघवीची तपासणी त्याच दिवशी व्हायला हवी. आणि तुलनेला घेतलेली ‘निरोगी’ मंडळी म्हणजे विद्यापीठातले विद्यार्थी असतील तर सापडलेला फरक व्यसनाचा की शिक्षणाचा, हे देवच जाणे.

एवढं सगळं नीट केलं तरी हाती येते ती गटाची सरासरी. २०२० मध्ये एलियट आणि सहकाऱ्यांनी जुन्या अभ्यासांची गोळाबेरीज केली. त्याच माणसाला तीच कसोटी पुन्हा दिली तर मेंदूच्या ठरावीक भागांतला प्रतिसाद कितपत जुळतो? पूर्ण जुळणं म्हणजे १ धरलं तर उत्तर आलं सुमारे ०.४. एका माणसाबद्दल निकाल द्यायला हे फारच अपुरं आहे. म्हणून ‘स्कॅन करा, व्यसन किती खोल गेलंय ते सांगतो’ अशी जाहिरात कुठेही दिसली, अमेरिकेत किंवा भारतात, तरी पैसे खिशातच ठेवावेत. व्यसनाचं निदान आजही प्रश्न विचारूनच होतं.

यापेक्षा मोठा प्रश्न आधी काय आणि नंतर काय, हा. केंब्रिजमध्ये कॅरेन अर्श यांच्या गटाने २०१२ मध्ये उत्तेजक द्रव्यांचं व्यसन असलेली माणसं आणि त्यांची व्यसन नसलेली सख्खी भावंडं, अशा ५० जोड्या तपासल्या. बोट आवरण्यात दोघंही कमी पडली आणि उजव्या कपाळामागच्या पट्ट्याजवळच्या तंतूंची घडण दोघांचीही सैल निघाली. त्या भावंडांना नशेचं व्यसन कधीच नव्हतं. म्हणजे ज्याला आपण नशेने झालेलं नुकसान म्हणतो, त्यातला काही भाग आधीपासूनच घरात होता. अमेरिकेत सुमारे बारा हजार मुलांचा ९-१० वर्षं वयापासून जो प्रदीर्घ अभ्यास चालू आहे, त्यातूनही तेच दिसतं. पुढे लवकर नशेकडे वळलेल्या मुलांच्या मेंदूतले बरेचसे फरक पहिल्या घोटाआधीच होते. भारतातही बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या पुढाकाराने सहा ते तेवीस वर्षं वयाच्या हजारो मुलामुलींचा असाच अभ्यास उभा राहिलाय. मराठी चर्चेत त्याचा उल्लेखही होत नाही, पण अमेरिकन चित्रं मात्र फिरत राहतात.

गंमत पाहा, त्याच भावंडांनी पहिल्या बाजूचंही थोडं समाधान होतं. मेंदूची घडण सारखी, तरी एक व्यसनात गेलं, दुसरं नाही. मग हाती काहीच नसतं, हे कसं?

नियंत्रण नाहीसं होत नाही, ते महाग होतं आणि परिस्थितीवर टेकतं. व्हिएतनाममधल्या अमेरिकन सैनिकांपैकी सुमारे वीस टक्के तिथे अफूजन्य पदार्थांच्या आहारी गेले होते. संशोधक ली रॉबिन्स यांनी परतलेल्यांचा माग काढला, तेव्हा पहिल्या वर्षात पुन्हा व्यसनात अडकलेले निघाले त्यांतले पाच टक्क्यांच्या आसपास. मेंदू तेच होते, पण भोवतालची माणसं, उपलब्धता आणि खुणा बदलल्या होत्या. याच तत्त्वावर एक उपचार उभा आहे. लघवीची तपासणी स्वच्छ आली की लगेच ठरलेलं बक्षीस, लागोपाठ स्वच्छ आली तर रक्कम चढत जाते, एकदा चुकली की पुन्हा तळाशी. कोकेन आणि मेथॅम्फेटामाइनसाठी आजवर सर्वांत ठाशीव परिणाम याच उपचाराचा आहे. बक्षीस आठवड्याने दिलं तर मात्र जोर ओसरतो. त्याच दिवशी, हातावर, हीच मेख.

आता अमेरिकेच्या दाखल्याकडे. ‘व्यसन हा मेंदूचा आजार आहे’ असं अ‍ॅलन लेशनर या तिथल्या सरकारी व्यसनसंशोधन संस्थेच्या तेव्हाच्या प्रमुखांनी १९९७ मध्ये ‘सायन्स’ या विज्ञान नियतकालिकात लिहिलं आणि ते सरकारी धोरणाचं वाक्य झालं. त्यानंतरच्या पाव शतकात अतिसेवनाने होणारे मृत्यू वाढत गेले. २०२१ ते २०२३ ही तिन्ही वर्षं एक लाखाच्या वर. घोषवाक्यामुळे माणसं मेली असं मी म्हणत नाही, फेंटॅनिल या अतिप्रभावी अफूसदृश द्रव्याने मेली. पण आजार म्हणणाऱ्या देशात अफूजन्य पदार्थांच्या व्यसनात मृत्यूचा धोका निम्म्यावर आणणारं मेथाडोन हे औषध आजही व्यसनासाठी नेहमीच्या औषधदुकानात मिळत नाही. त्यासाठी वेगळ्या परवान्याच्या केंद्रात जावं लागतं, सुरुवातीला कित्येकांना रोज. त्याच व्यसनावरचं दुसरं औषध ब्युप्रेनॉर्फिन लिहून देण्यासाठी डॉक्टरला लागणारी खास परवानगी रद्द व्हायला २०२२ ची अखेर उजाडली. आणखी एक गोष्ट वारंवार आढळली आहे. जैविक कारण सांगितलं की लोक रुग्णाला दोष कमी देतात, पण तो बरा होईल ही आशाही सोडतात. ‘मेंदूच गेलाय’ म्हणणाऱ्या नातेवाइकांनी हे लक्षात घ्यावं.

कायद्याच्या कागदावर भारत मागे नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक स्थिती मानसिक आजारातच धरल्या आहेत. अडतं उपचारांपाशी. एम्सच्या २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत दारूचं अवलंबित्व असलेल्या ३८ जणांमागे एकाला कुठलीतरी मदत मिळाल्याचं निघालं. ही पोकळी भरतात ते ‘रुग्णाच्या नकळत दारू सोडवा’ म्हणणारे. त्यांच्या पुडीत डायसल्फिराम हे दारू सोडवण्यासाठीचं औषध असलं आणि माणूस प्यायला, तर अ‍ॅसिटाल्डिहाइड हे दारूपासून शरीरात बनणारं विषारी रसायन साचून चेहरा लाल होतो, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो, जीवही जाऊ शकतो. शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंत हा धोका राहतो. संमतीने आणि देखरेखीखाली हेच औषध उपयोगी आहे.

‘एकदम सोडून दाखव’ म्हणणाऱ्यांनाही घड्याळ ठाऊक असायला हवं. रोज भरपूर पिणाऱ्याने अचानक थांबवलं तर सहा ते चोवीस तासांत हात थरथरतात, घाम फुटतो. झटके बहुधा पहिल्या ४८ तासांत येतात. भ्रम, जोराचा ताप, धडधड यांचा धोका दुसऱ्या ते चौथ्या दिवशी. खोलीत कोंडून ठेवलेला माणूस याच टप्प्यावर दगावू शकतो. रुग्णालयात नेलं तर शेवटचा पेला कधी घेतला, रोज किती, आणि पूर्वी झटके आले होते का, या तीन गोष्टी दारातच सांगाव्यात. झटके आणि थरथर आवरणाऱ्या बेंझोडायझेपिन औषधाची मात्रा त्यावर ठरते. थायमिनचं (जीवनसत्त्व बी-१) इंजेक्शन सलाइनमधल्या ग्लुकोजच्या आधी किंवा निदान सोबत दिलं जातंय ना, हेही विचारावं.